केळपट्टीची लिंक: प्रकल्प नोंदी, एप्रिल-मे २०२४

२२ एप्रिल, सोमवार

सावद्याहून संध्याकाळी परत. शेठकडे आपला केळी खरेदीचा डेस्कटॉप प्रोग्राम गेल्या हंगामापासून चालतोय. काट्यावर गाडी चढते, वजन होतं, पावती निघते, पुढे त्या पावतीवरून शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याला द्यायच्या पैशांचा हिशोब. हिशोबाची तक्रार नाही. तक्रार पावती शोधण्याची आहे. दिवसभर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "४१७२ चं वजन चुकलं", "४१८० ला पिलबागचा भाव लागलाय, नवतीचा लावा" असे मेसेज पडत राहतात. (पिलबाग, नवती हे केळीचे वेगळ्या भावाचे प्रकार.) मुनीम नाना ते वाचतात, नंबर पाकिटाच्या पाठीवर लिहितात, मग प्रोग्राममध्ये शोधतात. मधेच बुऱ्हाणपूरचा भाव विचारणारा फोन येतो, ४१७२ चं ४१२७ होतं आणि भलत्याच शेतकऱ्याच्या पावतीला हात लागतो.

शेठचं म्हणणं एका वाक्यात: "मेसेजमध्ये टिचकी मारली की पावती समोर पाहिजे."

मी त्यांना समोरच्या चहाच्या टपरीवरचा क्यूआर दाखवला. त्यात काय असतं? यूपीआय://पे असा एक पत्ता, पुढे कोणाला द्यायचे, नाव, ठरलेली असली तर रक्कम. अँड्रॉइड फोनात अशा लिंकवर बोट ठेवलं की फोन बघतो, 'यूपीआय' नावाचा प्रकार आपल्याकडे कोण कोण उघडतं, आणि त्या ॲपची यादी पुढे ठेवतो. आपल्यालाही हेच करायचंय, फक्त विंडोजवर आणि आपल्या एकट्या प्रोग्रामसाठी. शेठ म्हणाले, "मग दोन दिवसांचं काम."

मीही मान हलवली. लिहून ठेवतो.

२३ एप्रिल, मंगळवार

नाव ठरलं: केळपट्टी. लिंक दिसेल अशी: केळपट्टी://पावती/४१७२. (कोडमध्ये हे रोमन छोट्या अक्षरांत आहे. नोंदीत वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितोय.)

ऑफिसातल्या अमळनेरच्या पोराचा प्रश्न रास्त होता. "दादा, खरंच देवनागरीत का नको? सगळं तर मराठीत चाललंय." मी म्हटलं, करून बघ. त्याने विंडोजच्या रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे ठेवतं तिथे) देवनागरी नावाची किल्ली, म्हणजे एक नोंद बनवली. रजिस्ट्रीने मुकाट्याने घेतली. मग चाचणीच्या वेबपानावर तशी लिंक ठेवून क्रोममध्ये दाबली, तर ब्राउझरने ती आमच्याच साइटवरचं एक पान समजून उघडायला घेतली आणि 'पान सापडलं नाही' असं सांगितलं. कारण आरएफसी ३९८६ या २००५ च्या नियमपत्रात आहे: पत्त्याच्या प्रकाराचं नाव रोमन अक्षराने सुरू व्हायला हवं, पुढे रोमन अक्षरं, आकडे, अधिक चिन्ह, आडवी रेघ आणि टिंब एवढंच चालतं. त्यात न बसणारं काहीही आलं की ब्राउझरच्या लेखी तो प्रकार नसतोच, चालू पानाच्या पुढचा रस्ता असतो. लहान-मोठी अक्षरं सारखीच धरतात, पण लिहायचं लहानच.

दुसरी गोष्ट, नावाची मालकी कोणाचीच नसते. उद्या दुसऱ्या कोणी 'केळपट्टी' हेच नाव स्वतःच्या प्रोग्रामला लावलं तर विंडोज भांडण सोडवायला बसणार नाही, शेवटी ज्याने लिहिलं त्याचं. म्हणून आरएफसी ७५९५ खासगी नावांसाठी आपलं डोमेन उलटं लिहून वापरा असं सुचवतं, टिंबांसकट. सुरक्षित आहे, पण नानांना फोनवर वाचून दाखवायला ते अवघड. केळपट्टीच ठेवलं. सावद्यात या नावाचं दुसरं सॉफ्टवेअर येण्याची भीती मला नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

विंडोजवरची नोंदणी. यात जादू काहीच नाही. रजिस्ट्रीत प्रकाराच्या नावाची एक किल्ली, तिच्यात 'यूआरएल प्रोटोकॉल' नावाची रिकामी किंमत, खाली शेल, ओपन, कमांड अशा एकात एक किल्ल्या आणि शेवटी प्रोग्रामचा रस्ता व त्यापुढे अवतरणात "%१". लिंक दाबली की या टक्का-एकच्या जागी अख्खी लिंक बसते आणि प्रोग्राम सुरू होतो. ती रिकामी किंमत विसरलात तर बाकी सगळं बरोबर असूनही काही उघडत नाही. रिकाम्या डब्याला एवढा मान मी दुसरीकडे पाहिला नाही.

आमचा प्रोग्राम इलेक्ट्रॉनवर आहे (वेबच्या कोडवरून डेस्कटॉप प्रोग्राम बनवायचं साधन), त्यामुळे हे हाताने लिहावं लागत नाही. सेट-ॲज-डिफॉल्ट-प्रोटोकॉल-क्लायंट नावाचं लांबलचक फंक्शन आहे, एक ओळ आणि काम झालं. म्हणून खूश होऊन लिंक दाबली, तर पावतीऐवजी इलेक्ट्रॉनची स्वतःची स्वागताची खिडकी. अर्धा तास गेला. विकसनाच्या वेळी चालणारी फाइल आपली नसते, इलेक्ट्रॉनची असते. आपला कोड तिला पुढचा शब्द म्हणून दिलेला असतो. नोंदणी करताना फक्त फाइलचा रस्ता गेला, कोडचा रस्ता गेलाच नाही. त्यामुळे विंडोजने इलेक्ट्रॉन उठवलं आणि त्याला घरचा पत्ताच माहीत नाही. त्याच फंक्शनला चालणाऱ्या फाइलचा रस्ता आणि आपल्या कोडचा पूर्ण रस्ता असे दोन जादा तुकडे दिले की चालतं. पॅक केलेल्या प्रोग्रामला हे लागत नाही. म्हणजे दोन फांद्या लिहायच्या: विकसनाची वेगळी, पॅकची वेगळी.

त्याच वेळी ठरवलं की विकसनात 'केळपट्टी-चाचणी' हे वेगळं नाव वापरायचं. हे ठरवलं आणि माझ्या लॅपटॉपवर केलंही. सावद्याच्या मशीनवर मागच्या फेरीत घाईत जे टाकून आलो होतो, त्याचं काय, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

२७ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस दोन खिडक्यांचा.

प्रोग्राम बंद असताना लिंक दाबली तर तो उघडतो आणि पावती दाखवतो. छान. प्रोग्राम आधीच उघडा असेल तर दुसरा उघडतो. मग पहिल्यात अर्धवट लिहिलेली पावती, दुसऱ्यात तीच पावती जुन्या आकड्यांसह, आणि खाली एकच डेटाबेस फाइल. नानांच्या टेबलावर दिवसभर प्रोग्राम उघडाच असतो, म्हणजे हा प्रकार दर टिचकीला होणार.

उपाय ठरलेला: सुरुवातीलाच 'एकच प्रत' असं कुलूप मागायचं. कुलूप मिळालं तर आपण पहिले. नाही मिळालं तर आपण दुसरे, हातातली लिंक पहिल्याकडे सोपवून लगेच बाहेर. पहिल्याला 'सेकंड-इन्स्टन्स' नावाची हाक येते, तिच्यासोबत दुसऱ्याची कमांड लाइन, म्हणजे सुरू होताना त्याला मिळालेल्या शब्दांची यादी. तो आपली मिटलेली खिडकी वर काढतो आणि पावती दाखवतो.

यात दोन खड्डे आहेत. पहिला: लिंक त्या यादीत नेहमी शेवटची असते असं धरून बरेच जण शेवटचा तुकडा उचलतात. मीही उचलला. पण इलेक्ट्रॉनच्या आतला क्रोमियम ब्राउझर मधे स्वतःचे झेंडे, म्हणजे सुरू होतानाच्या सूचना घुसवतो, क्रम बदलू शकतो. आता अख्खी यादी चाळतो आणि 'केळपट्टी:' ने सुरू होणारा तुकडा घेतो. एकापेक्षा जास्त सापडले तर एकही घेत नाही.

दुसरा खड्डा वेळेचा. थंड सुरुवातीला, म्हणजे प्रोग्राम बंद असताना, लिंक आधी येते आणि खिडकी नंतर तयार होते. लॉगिन तर त्याहून नंतर. पोराने लिंक सरळ खिडकीकडे पाठवली, ऐकायला कोणी नव्हतं, लिंक हवेत. त्याच्या वेगवान मशीनवर कधी चालायचं, कधी नाही, आणि तो दर वेळी म्हणायचा, "आत्ता तर चाललं होतं." शेवटी एक छोटा खिसा केला: लिंक आली की आधी खिशात, खिडकीने 'मी तयार' म्हटलं आणि नानांचा पासवर्ड बरोबर निघाला की खिशातून काढून दाखवायची. खिशात एकच लिंक मावते, नवी आली की जुनी गेली. माणूस एका वेळी एकच पावती बघतो.

संध्याकाळी शेवभाजी. तिखटाने डोकं मोकळं झालं.

३० एप्रिल, मंगळवार

लाइट ११ ला गेली, ४ ला आली. नोंद एवढीच.

२ मे, गुरुवार

शेठला दाखवायला व्हॉट्सॲपवर केळपट्टी://पावती/४१७२ पाठवली. काळ्या अक्षरांत नुसता मजकूर पडला. टिचकी मारायला काही नाही. खरं तर हे मला माहीत असायला हवं होतं: मेसेज दाखवणारी ॲप बहुतेक करून नेहमीच्या वेबपत्त्यांनाच निळं करतात, अनोळखी प्रकाराला हात लावत नाहीत. त्यांचं चूक नाही. पण मग आपली लिंक ज्या जागी हवी नेमक्या त्याच जागी ती लिंक नाही.

म्हणून मधे एक वेबपान आलं. मेसेजमध्ये साधा वेबपत्ता जातो, तो ब्राउझरमध्ये उघडतो आणि तिथून केळपट्टीची लिंक. पावतीचा नंबर पत्त्यात # चिन्हानंतर ठेवला. हॅशच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवत नाही, स्वतःपाशीच ठेवतो. म्हणजे कोणत्या वेळी कोणती पावती पाहिली हे आमच्या होस्टिंगच्या नोंदीत उतरत नाही, आणि सर्व्हरवर कोडही लागत नाही. एकच स्थिर पान, ते हॅशमधला नंबर वाचतं आणि बटण तयार करतं.

पान उघडताच आपोआप उडी मारायची की बटण ठेवायचं? आपोआप उडी कधी लागते, कधी ब्राउझर अडवतो, कारण माणसाने स्वतः काही दाबलेलं नसतं. बटण ठेवलं. दाबल्यावर क्रोम विचारतो, हे ॲप उघडायचं का. नानांना ही एक टिचकी जास्तीची वाटणार, पण तो प्रश्न मला हवाच आहे. का, ते पुढे.

आणखी एक: प्रोग्राम बसवलेला नसेल तर? ब्राउझर पानाला हे सांगत नाही, आणि सांगूही नये, नाहीतर कोणतीही साइट तुमच्या मशीनवर काय काय आहे याची झडती घेईल. 'दोन सेकंदांत खिडकी बदलली नाही तर प्रोग्राम नाही' अशी एक युक्ती लोक वापरतात. पोराने लिहून आणली होती. काढून टाकायला लावली. हळू मशीनवर ती खोटं बोलते. त्याऐवजी बटणाखाली साधं वाक्य: काहीच उघडलं नाही तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडा. फोनवर हेच वाक्य सगळ्यात वर, कारण मेसेज निम्मे लोक फोनवर वाचतात आणि तिथे आपला प्रोग्राम नाहीच.

६ मे, सोमवार

शेठचा फोन. लिंक आवडली. आता पुढची मागणी: "मी बाहेर असतो. पट्टी मंजूर करायची लिंक पाठवत जा. नाना टिचकी मारतील, पट्टी मंजूर. प्रोग्राममध्ये शिरायलाच नको."

नाही म्हणालो. फोनवर नीट समजावता आलं नाही, म्हणून इथे लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी सांगता येईल.

आपल्या प्रोग्रामला लिंक येते तेव्हा ती कोणी पाठवली हे त्याला कळत नाही. शेठने, ग्रुपमधल्या कोणी, की एखाद्या लग्नाच्या पत्रिकेच्या नावाखाली आलेल्या पानाने. सगळ्यांची लिंक एकाच दारातून, एकाच चेहऱ्याने येते. क्रोमचा प्रश्नही फक्त प्रोग्रामचं नाव सांगतो, आत काय हुकूम आहे ते सांगत नाही. 'केळपट्टी://मंजूर/४१७२' अशी लिंक एकदा चालू केली की पैसे द्यायचा शिक्का रस्त्यावर ठेवल्यासारखं आहे.

आणि हे माझं एकट्याचं भय नाही. जानेवारी २०१८ मध्ये इलेक्ट्रॉनमध्येच यावरून मोठी चूक निघाली, सुरक्षेच्या चुकांच्या जाहीर यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०१८-१०००००६. विंडोजवर लिंक कमांड लाइनचा तुकडा बनून येते. लिंकमध्येच अवतरण चिन्ह घुसवून बाहेर पडता आलं तर त्यापुढचा मजकूर प्रोग्रामला लिंक न वाटता झेंडा वाटतो, आणि क्रोमियमच्या झेंड्यांमध्ये दुसरा प्रोग्राम चालवायला लावणारेही होते. म्हणजे वेबपानावर एक टिचकी आणि तुमच्या मशीनवर दुसऱ्याचा हुकूम. ज्या ॲपने स्वतःचा प्रकार नोंदवला होता फक्त तीच सापडली. मॅक आणि लिनक्स सुटले, कारण तिथे लिंक वेगळ्या रस्त्याने येते. १.६.१६, १.७.११ आणि १.८.२ च्या चौथ्या बीटात दुरुस्ती आली. तोवरचा तात्पुरता उपाय होता कमांडमध्ये लिंकच्या आधी दोन आडव्या रेघा टाकणं: 'इथून पुढे झेंडे नाहीत, जे आहे तो नुसता मजकूर'. मी त्या रेघा आजही टाकतो.

२०२२ च्या मे महिन्यात तर खुद्द विंडोजचाच एक प्रकार सापडला, दुरुस्तीच्या साधनाला उठवणारा एमएस-एमएसडीटी. वर्डच्या कागदातून तो उठवून पॉवरशेलचे हुकूम चालवता येत होते. लोक त्याला फोलिना म्हणतात. जूनमध्ये दुरुस्ती येईपर्यंत मायक्रोसॉफ्टने सांगितलेला उपाय काय होता? रजिस्ट्रीतली त्या प्रकाराची किल्लीच पुसून टाका. मी परवा जी किल्ली कौतुकाने बनवली, तीच जातकुळी.

तेव्हा ठरलं, आणि प्रोग्रामच्या कोडमध्ये सगळ्यात वर टिप्पणी म्हणून लिहिलं: लिंक दाखवेल, करणार काही नाही. 'पावती' आणि 'पट्टी' हे दोनच शब्द ओळखायचे, त्यापुढे फक्त आकडे, जास्तीत जास्त आठ. बाकी काहीही दिसलं की गप्प राहायचं. मंजुरी प्रोग्रामच्या आत, नानांच्या पासवर्डने, पावती डोळ्यांनी बघून.

शेठ थोडे रुसले.

१० मे, शुक्रवार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. मशीन बंद. बहीण आलेली, लिंबाला झोका बांधला, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. पोराने अमळनेरहून फोटो पाठवला, त्याच्याकडेही झोके. लिंक नव्हती, नुसता फोटो.

१४ मे, मंगळवार

काल रावेर, जळगाव दोन्हीकडे मतदान, सगळं बंद. आज सावद्याला बसवायला गेलो. पोर जळगावलाच.

माझ्या लॉगिनमधून बसवलं, लिंक दाबली, पावती आली. नाना आपल्या लॉगिनने बसले. नाना मूळचे पारोळ्याचे, चिडले की अहिराणीवर येतात.

"भो, तुनी लिंक मना मशीनवर उघडस नही."

"मशीन तेच आहे ना, नाना."

"मशीन तेच शे. मी येगळा शे."

बरोबर बोलले, आणि माझ्यापेक्षा नेमकं. रजिस्ट्रीत दोन जागा आहेत: एक 'या वापरकर्त्यापुरती', एक 'सगळ्या मशीनसाठी'. इलेक्ट्रॉनचं फंक्शन पहिल्या जागी लिहितं, कारण तिथे ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. माझ्या लॉगिनची नोंद नानांच्या लॉगिनला दिसतच नाही. प्रोग्राम नानांनी एकदा उघडला असता तर त्यांचीही नोंद झाली असती, पण त्यांनी आधी लिंकच दाबली. म्हणून इन्स्टॉलरला सांगितलं की बसवतानाच सगळ्या मशीनसाठी लिही. ॲडमिनचा पासवर्ड शेठच्या भाच्याकडे, तो फैजपूरला, वाट बघितली, दोन चहा.

पुन्हा बसवलं. नानांनी लिंक दाबली. प्रोग्राम उघडला, पावती आली. नाना थांबले.

"हाई तर जुनंच दिखी राह्यनं."

खरंच जुनं. मागच्या हंगामाचा रंग, जुना लोगो. ही ती माझी एप्रिलमधली घाईतली फेरी. तेव्हा नानांच्याच लॉगिनमधून एक चाचणीची प्रत चालवली होती. जळगावच्या टेबलावर नवं नाव घेतलं, पण ही नोंद तशीच राहिली. ती प्रत ज्या फोल्डरात होती तो नंतर दुसरीकडे हलवला गेला होता, म्हणून सकाळी काहीच उघडलं नाही. भाच्याने आल्या आल्या "तुमचं काहीतरी इकडे पडलं होतं" म्हणून तो जागेवर परत ठेवला, आणि जुनी नोंद जिवंत झाली. विंडोज या दोन्ही जागा एकत्र करून बघतं आणि वापरकर्त्याच्या नोंदीला आधी मान देतं. मशीनभरची नवी नोंद बरोबर होती, पण नानांची जुनी तिच्यावर बसली होती.

म्हणजे सकाळचं माझं निदान अर्धंच खरं होतं. नाना वेगळे होते हे खरं, पण त्यांच्याकडे नोंद नव्हती असं नाही, चुकीची होती. रजिस्ट्री उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. न बघता इन्स्टॉलर बदलत बसलो.

जुनी नोंद पुसली, फोल्डर पुसला. आता प्रोग्राम सुरू होताना दर वेळी तपासतो की नोंदीतला रस्ता माझाच आहे का. नसेल तर दुरुस्त करतो आणि लॉगमध्ये एक ओळ लिहितो.

१६ मे, गुरुवार

पोराला वाटलं लिंकमध्ये गावाचं नावही जावं, म्हणजे पानावर 'विवरे, ४१७२' असं दिसेल. दिसायला चांगलं. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्का व दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ. 'विवरे' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, वेलांटी आणि मात्रा धरून पाच चिन्हं, पत्त्यात पंचेचाळीस. त्यात मेसेजमधून कॉपी करताना शेवट तुटला की सुटा टक्का उरतो आणि उलगडणारं फंक्शन चूक फेकून देतं. त्याने ती चूक पकडली नव्हती, प्रोग्राम पांढरा पडला. गाव गेलं, नंबर राहिला.

त्यातूनच एक जास्त मजेदार भानगड सापडली. एकच लिंक, एकाच प्रोग्राममध्ये, दोन ठिकाणी वेगवेगळी वाचली जात होती. इलेक्ट्रॉनचा मागचा भाग नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) चालतो, खिडकी क्रोमियमवर. केळपट्टी://पावती/४१७२ हा पत्ता नोडच्या वाचकाला दिला तर 'पावती' यजमान (वेबपत्त्यात साइटचं नाव असतं तो भाग) आणि '/४१७२' रस्ता. खिडकीतल्या वाचकाला दिला तर यजमान रिकामा आणि रस्ता '//पावती/४१७२'. वेबच्या ओळखीच्या प्रकारांना, म्हणजे एचटीटीपी वगैरेंना, दोघे सारखेच वागवतात. घरगुती प्रकारांवर मे २०२४ च्या या आवृत्त्यांत त्यांचं एकमत नव्हतं. पोर म्हणतो माझं बरोबर, मी म्हणतो माझं, आणि दोघेही आपापल्या पडद्यावर बरोबर. आता लिंक फक्त मागच्या भागात वाचायची, खिडकीला नुसता प्रकार आणि नंबर द्यायचा. शेवटी कधी एखादी जादाची तिरपी रेघ चिकटून येते, ती आधीच कापायची.

२१ मे, मंगळवार

शेठच्या मुलाकडे पुण्यात मॅक, गोदामात एक उबुंटू. दोन्ही आज उरकले.

मॅकवर नोंदणी प्रोग्रामच्या माहितीफाइलमध्ये, म्हणजे पॅक केल्याशिवाय तपासताच येत नाही. लिंक कमांड लाइनमधून येतच नाही, 'ओपन-यूआरएल' अशी वेगळी हाक येते, आणि ती ऐकणारा माणूस प्रोग्राम पूर्ण उठायच्या आधी दारात उभा करावा लागतो. आमचा खिसा इथेही कामी आला.

उबुंटूवर डेस्कटॉप फाइलमध्ये 'एक्स-स्कीम-हँडलर' ची एक ओळ आणि कमांडच्या शेवटी %यू. गोदामात ॲपइमेज (न बसवता चालणारी एकच फाइल) टाकलं होतं, ते स्वतःहून अशी डेस्कटॉप फाइल बसवत नाही. त्याऐवजी रीतसर बसणारं डेब पॅकेज दिलं. झालं.

२४ मे, शुक्रवार

उन्हाने बाहेर पडवत नाही, म्हणून घरातली कामं. हीच युक्ती स्वतःसाठी वापरली.

नानांच्या मशीनवर काही बिघडलं की प्रोग्राम त्या चुकीबद्दलचा अहवाल पाठवतो: कोणती फाइल, कितवी ओळ. आम्ही ते वाचून एडिटरमध्ये ती फाइल शोधत बसतो, म्हणजे नानांच्या पाकिटाच्या पाठीचाच प्रकार. आमच्या एडिटरचा, व्हीएस कोडचा, स्वतःचा लिंकप्रकार आहे: त्यात 'फाइल', मग पूर्ण रस्ता, मग ओळ आणि रकाना, मधे विसर्गचिन्हासारखी टिंबं. अहवालाच्या पानावर ती लिंक बनवली की टिचकीसरशी एडिटर त्या ओळीवर. सहज म्हणून व्हीएस कोडची रजिस्ट्रीतली नोंद उघडून पाहिली, तर 'ओपन-यूआरएल' झेंडा, मग दोन आडव्या रेघा, मग "%१". बरं वाटलं.

अडलं ते रस्त्यावर. अहवालात नानांच्या मशीनचा रस्ता, माझा कोड ई ड्राइव्हवर, पोराचा घरच्या फोल्डरात. म्हणून अहवालात फक्त प्रकल्पाच्या आतला रस्ता ठेवला आणि पुढचा तुकडा प्रत्येकाने आपल्या ब्राउझरमध्ये एकदाच भरायचा. पोर एडिटरची इन्सायडर्स आवृत्ती वापरतो, तिच्या प्रकाराचं नावच वेगळं. तेही तिथेच निवडता येतं. हे पान दीड तासात झालं आणि महिनाभराच्या कामात याचाच मला जास्त उपयोग होणार असं दिसतंय.

२९ मे, बुधवार

सावदा. नाना आता लिंका झपाझप उघडतात. पाकिटं कोरी. शेठनी मंजुरीचा विषय काढला नाही, मीही नाही. काढून टाकण्याचंही तपासलं: प्रोग्राम काढला की नोंदही जाते, आणि नवी आवृत्ती बसवताना ती परत येते.

निघताना नानांनी काट्यावरचा क्यूआर स्कॅनर दाखवला, शेठनी नवा आणलाय. "भो, हीच लिंक पावतीवर छापी दे. तठे स्कॅन करसूत."

हो म्हणणार होतो. मग त्यांच्यासमोर नोटपॅड उघडून टपरीचा क्यूआर स्कॅन केला. यूपीआय://पे पासून अख्खा पत्ता कीबोर्डवर कोणी भराभर टाइप करावा तसा उमटला, शेवटी एंटरसकट. हा स्कॅनर स्वतःला कीबोर्डच समजतो. लिंक कोणाला द्यायची असते हे त्याच्या गावीही नाही. कर्सर वजनाच्या रकान्यात असला तर केळपट्टी वजनात जाईल. तेव्हा छापायचा तो नुसता नंबर, आणि प्रोग्राममध्ये स्कॅनसाठी एक वेगळा रकाना.

शनिवारी काट्यावर पुन्हा जायचंय. छापलेल्या पावत्यांची दोन पुडकी उरलीत, ती संपेपर्यंत जुनंच.